मदत हवी आहे : मुळांच्या वर्गांची बेरीज ऋण येते, हे दहावीच्या मुलांना कसे समजावावे?

नमस्कार. मी दहावीच्या विद्यार्थ्यांना बीजगणित शिकवते. वर्गसमीकरणाची मुळे आणि सहगुणक यांच्यातील संबंध शिकवताना सरावाच्या एका उदाहरणावरून वर्गात जो प्रश्न निघाला, त्याचे मुलांना पटेल असे उत्तर हवे आहे.

उदाहरण असे : म ही वास्तव संख्या असून क्ष² − २मक्ष + (म + २) = ० या समीकरणाची मुळे वास्तव आहेत, तर त्या मुळांच्या वर्गांच्या बेरजेची किमान किंमत काढा.

मुळांची बेरीज २म आणि गुणाकार म + २ असल्याने वर्गांची बेरीज ४म² − २म − ४ येते. तिचे रूप ४(म − १/४)² − १७/४ असे करता येत असल्यामुळे बहुतेकांनी म = १/४ घेऊन −१७/४ हे उत्तर लिहिले. त्यावर एका मुलीने विचारले, "बाई, दोन वर्गांची बेरीज ऋण कशी येईल?" शंका अगदी रास्त होती.

विवेचक, म्हणजे मुळांच्या सूत्रात वर्गमुळाच्या चिन्हाखाली येणारी राशी, तपासला की उलगडा होतो. मुळे वास्तव असण्यासाठी म² − म − २ ≥ ० हवे, म्हणजे म ≤ −१ किंवा म ≥ २. १/४ त्यात बसत नाही. म = −१ असताना बेरीज २ येते, म = २ असताना ८, आणि या टोकांपासून बाहेर गेले की ती वाढतच जाते. म्हणून उत्तर २.

खरी अडचण पुढे आहे. मुळे आणि सहगुणक यांच्यातील हे संबंध सहगुणकांच्या तुलनेतून निघतात आणि त्यात मुळे वास्तव असण्याची अट कुठेच लागत नाही, त्यामुळे "मुळेच नाहीत तर −१७/४ ही बेरीज कोणाची?" असे मुले विचारतात. ऋण संख्येला वर्गमूळ नाही असे भास्कराचार्यांनी स्पष्ट म्हटले आहे, तर युरोपातील गणिती आल्बेर गिरार्दने १६२९ मध्ये अशी अशक्य मुळेही मोजणीत धरली. पण संमिश्र संख्या, म्हणजे ज्यांत ऋण संख्येलाही वर्गमूळ असते अशा संख्या, आपल्याकडे अकरावीत येतात. सध्या मी एवढेच सांगते की, बेरीज १/२ असलेल्या दोन वास्तव संख्यांचा गुणाकार १/१६ पेक्षा मोठा होऊच शकत नाही, आणि म = १/४ असताना तो ९/४ हवा आहे.

दहावीसाठी एवढे स्पष्टीकरण पुरेसे आहे का, की संमिश्र संख्यांची ओळख आताच करून द्यावी? शिवाय ज्यात विवेचक न तपासता काढलेले चुकीचे उत्तर धन येते, आणि म्हणून चिन्हावरून संशय येत नाही, असे एखादे उदाहरण कोणाकडे असल्यास कृपया येथे द्यावे.