प्रतिसाद: अकरावी-बारावीचे समाजशास्त्र

वरील चर्चेत 'समाजशास्त्र म्हणजे कला शाखेतील पाठांतराचा आणि गुण मिळवून देणारा विषय' असे मत मांडले गेले आहे. परीक्षेपुरते ते पूर्ण चुकीचे नाही, पण त्याचा दोष विषयाकडे जात नाही. महाराष्ट्र मंडळाच्या बारावीत ८० गुणांच्या लेखी परीक्षेला २० गुणांच्या प्रकल्पाची जोड असते, आणि हा प्रकल्प बहुतेक ठिकाणी मागील वर्षीच्या वहीतून उतरवला जातो, हे खरे दुखणे आहे.

वास्तविक, ज्या मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, आणि जिथे पुढे मालवणात जन्मलेल्या समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली इरावती कर्वे व एम. एन. श्रीनिवास यांच्यासारखे अभ्यासक घडले, त्या प्रदेशातील विद्यार्थ्याला क्षेत्रकार्य, म्हणजे लोकांमध्ये जाऊन प्रत्यक्ष माहिती गोळा करणे, परके वाटण्याचे कारण नाही. आजी, आई आणि स्वतःची बहीण यांचे शिक्षण, लग्नाचे वय व माहेर-सासरमधील अंतर यांचा साधा तक्ता त्याने घरीच विचारून तयार केला, तर विवाहसंस्था, नातेव्यवस्था आणि सामाजिक बदल ही तीन प्रकरणे एकाच कागदावर येतात. (मामाच्या मुलीशी लग्न कोणाकडे चालते आणि कोणाकडे नाही, हे विचारले की वर्गात कोणी पेंगत नाही.)

मात्र जातीविषयीची माहिती गोळा करताना ती भर वर्गात नावानिशी वाचून दाखवली जाणार नाही, याची खबरदारी शिक्षकांनी आधीच घ्यावी.