रॅटून म्हणजे खोडवा की फरदड?

कापसावरचं एक इंग्रजी पत्रक मराठीत करून द्यायचं आहे. वाचणारे यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातले कास्तकार. त्यात ‘रॅटून’ हा शब्द सारखा येतो. कोशात ‘खोडवा’ सापडला, तो टाकून शेजारच्या काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “ऊस कोनं लावला बापा आपल्याइकडे?” आता काय लिहू?

– खोडवा चूक नाही, पण तो उसाच्या मुलखातला शब्द. ऊस तोडल्यावर जमिनीतल्या बुडख्याला कोंब फुटतात, त्यावर घेतलेलं पीक म्हणजे रॅटून. इंग्रजीत हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांतून रुजला. मूळ स्पॅनिश ‘रेतोन्यो’, म्हणजे कोंब; त्याच्या पोटात ‘ओतोन्यो’ आहे, म्हणजे शरद ऋतू. इंग्रजीत याचं क्रियापदही होतं. मराठी मात्र इथे जास्त काटेकोर: पहिल्या तोडणीनंतरचा खोडवा, त्याच्या पुढचा निडवा. इंग्रजीत दोन्ही रॅटूनच, फक्त पहिलं-दुसरं म्हणायचं.

– राजेहो, कापसाले खोडवा कोनी म्हनत नाही, फरदड म्हना. पन फरदडीत पऱ्हाटी, म्हंजे कापसाचं झाड, कापत नाहीत. वेचे आटोपले की पानी देतेत, खत टाकतेत, अन् उभ्या झाडालेच पुन्हा पात्या, म्हंजे कळ्या, येतेत. मंग ते रॅटून कसं?

– काटेकोर अर्थानं नाहीच. तरी आपल्याकडच्या इंग्रजी शेतीलेखनात फरदडीला सर्रास ‘रॅटून कॉटन’ लिहितात, तेव्हा पत्रकात काय अभिप्रेत आहे ते बघा. गुलाबी बोंडअळीचा विषय असेल तर डोळे मिटून फरदड लिहा.

तोच विषय आहे. डिसेंबरअखेर कापूस मोडा, शेतात शेळ्या-मेंढ्या चारा, असं सांगितलं आहे.

– मग झालंच. अळी सरकीत शिरून बसते, फरदडीनं तिला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. २०१७ साली या अळीनं कापसाचं काय केलं ते विदर्भात कोणाला सांगायला नको. अळी लागलेलं फूल उमलायच्या ऐवजी गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं, त्याला ‘डोमकळी’ म्हणतात. हाही शब्द वापरा, इंग्रजीतलं ‘रोझेट फ्लॉवर’ तसंच ठेवू नका.

– अन् फरदडीचा कापूस कसा निंगते? अर्धं बोंड उकलते, अर्धं चिकटून राह्यते. पिवळी कवडी, डागी कापूस. वेचनारीन बाई बी नाक मुरडते.

एक शंका राहिली. शेवटच्या परिच्छेदात ज्वारीचं रॅटून आहे, गुरांना विषबाधा होते म्हणून.

– तिथे फरदड नको, खोडवाही नको. ‘कापणीनंतर धसकटांना आलेले कोवळे फुटवे’ असं सरळ लिहा. लांब होईल, होऊ द्या.

तसंच केलं. काकांना पुन्हा वाचून दाखवलं. “आता समजलं,” म्हणाले. त्यांच्या वावरात पऱ्हाटी अजून उभीच आहे, काल रात्री मोटार चालू होती.