वायरलेस कंट्रोलरचं अपग्रेड अँसिबलने: ॲक्टिव्हेटआधी नेमकं काय तपासावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे तीन-चार रुग्णालयांत सिस्कोचे कॅटॅलिस्ट ९८०० कंट्रोलर (सगळं वायफाय सांभाळणारी मुख्य यंत्रं) आहेत, सगळे इन्स्टॉल मोडमध्ये, म्हणजे नवी इमेज (सॉफ्टवेअर) ॲड, ॲक्टिव्हेट, कमिट अशा टप्प्यांनी चढते. रात्री जागून एकेका कंट्रोलरवर हाताने कमांड मारण्याऐवजी अँसिबल या ऑटोमेशन टूलचं प्लेबुक (कामांची क्रमवार स्क्रिप्ट) लिहितेय. फाइल कॉपी, एमडी५ जुळवणं (फाइल धड आली का ते तपासणं) आणि 'इन्स्टॉल ॲड' इथपर्यंत सुरळीत चालतं.

गाडी अडते ती प्रीडाउनलोडवर. यात एपी (वॉर्डांत लावलेले वायफायचे ॲक्सेस पॉइंट) नवी इमेज बॅकअप पार्टिशनमध्ये आधीच उतरवून घेतात. ते झालं नाही तर कंट्रोलर रीबूट झाल्यावर एपी इमेज ओढत बसतात आणि तेवढा वेळ वॉर्डातलं वायफाय बंद. नर्सेसचे फोन त्यावरच चालतात, त्यामुळे इथे मला अजिबात धोका पत्करायचा नाही.

सध्या 'शो एपी इमेज'मधला 'कम्प्लीटेड प्रीडाउनलोडिंग'चा आकडा रेजेक्सने (मजकुरातला नमुना शोधून) काढते आणि तो एकूण एपींइतका होईपर्यंत अन्टिल (अट पुरी होईपर्यंत पुन्हा तपासणं) फिरवते. पण एखादा एपी जरी 'फेल्ड'मध्ये अडकला तरी आकडा जुळत नाही, रिट्राय संपतात, प्लेबुक थांबतं. ९५ टक्के झाले की पुढे जा म्हणावं, तर राहिलेला एपी नेमका आयसीयूतला निघायचा!

दुसरं, 'इन्स्टॉल ॲक्टिव्हेट प्रॉम्प्ट-लेव्हल नन' (काही न विचारता नवी इमेज चालू करा) दिलं की रीबूटमुळे एसएसएच, म्हणजे कंट्रोलरशी असलेलं रिमोट कनेक्शन, तुटतं आणि टास्क लाल होतो, म्हणजे फेल दाखवतो. हे कसं हाताळता? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद

टक्केवारी नकोच, नावांवर जा. सुरुवातीलाच 'शो एपी समरी'तली नावं फाइलमध्ये ठेवा आणि आयसीयू, ओटीचे (ऑपरेशन थिएटरचे) एपी वेगळ्या यादीत काढा. त्या यादीतला एकही एपी प्रीडाउनलोडमध्ये राहिला असेल तर असर्ट (अट तपासणारा टास्क) लावून प्लेबुक थांबवा. बाकीच्यांची नावं नुसती रिपोर्टमध्ये येऊ द्यात.

ॲक्टिव्हेटचं म्हणाल तर कमांड टाइमआउट वाढवा, तेवढ्या एका टास्कला एरर आणि अनरीचेबल दोन्ही इग्नोर करा. मग लोकलहोस्टवरून (अँसिबल चालतं त्याच मशीनवरून) वेट-फॉरने पोर्ट २२ म्हणजे एसएसएचचं पोर्ट उघडायची वाट बघा. अट एकच, यश ठरवायचं ते परत आल्यावर 'शो व्हर्जन' बघूनच.

पोर्ट उघडलं म्हणजे एपी आले असं नाही, म्हणून नावांची यादी पुन्हा ताडून बघा आणि मगच 'इन्स्टॉल कमिट' (नवी इमेज कायम करणं). डीफॉल्ट ऑटो-अबॉर्ट टायमर ६ तासांचा असतो. तेवढ्यात कमिट दिलं नाही तर कंट्रोलर आपणहून जुन्या इमेजवर परततो. रात्री ११ला ॲक्टिव्हेट केलंत तर ५च्या आत कमिटचा निर्णय झाला पाहिजे, आणि तो माणसानेच घ्यावा. प्लेबुकमध्ये तिथे पॉज टाका.