बिनाका गीतमालेचे जुने भाग पुन्हा ऐकताना वडिलांच्या वहीशी मेळ का बसत नाही?

दुधनाकाठ

सर्वांना नमस्कार. आमचे गाव परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात आहे. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, सत्तरी ओलांडली आहे. गेल्या दिवाळीआधी जुन्या घराचे माळवद उतरवताना त्यांची एक दोनशे पानी वही सापडली. तिचा पुठ्ठा उंदरांनी कुरतडला आहे, पण आतली पाने शाबूत आहेत. १९७२ ते १९७४ या काळातल्या बिनाका गीतमालेची, म्हणजे श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनवर दर बुधवारी हिंदी चित्रपटगीतांची क्रमवारी सांगणाऱ्या कार्यक्रमाची, यादी त्यांनी तिच्यात एका बुधवारला एक पान या हिशेबाने उतरवली आहे. डावीकडे पायदानाचा, म्हणजे क्रमवारीतल्या पायरीचा, आकडा, मग गाण्याचे पहिले चार-पाच शब्द आणि उजवीकडे गाणे चढले की उतरले हे दाखवणारा बाण, अशी मांडणी आहे. सगळे निळ्या शाईत असले, तरी पहिल्या पायदानाचे गाणे तेवढे लाल शाईत आहे.

जिथे ऐन वेळी रेडिओची लहर गेली, तिथे अंदाजाने काही न लिहिता त्यांनी 'आवाज गेला' अशी नोंद करून ओळ तशीच सोडली आहे. अशा ओळी मी मोजल्या, त्या त्रेचाळीस निघाल्या. १९७२ च्या उन्हाळ्यातली तर सलग अकरा पाने नुसती तारीख घालून कोरी ठेवलेली आहेत आणि पहिल्या पानावर 'सेल नाहीत' एवढेच लिहिलेले आहे. ते दुष्काळाचे वर्ष होते, घरातली मोठी माणसे खडी फोडण्याच्या कामावर जात होती, आणि सुकडीवर दिवस काढणाऱ्या घरात ट्रान्झिस्टरला सेल कोण आणून देणार?

या रिकाम्या ओळी भरून काढाव्यात म्हणून मी तालुक्याच्या गावातल्या एका दुकानातून 'अस्सल गीतमाला' असे लिहिलेला पेन ड्राइव्ह आणला. अण्णांनी दोन संध्याकाळी मन लावून ऐकले आणि तिसऱ्या दिवशी तो काढून माझ्या हातात ठेवला. "आवाज अमीन सयानींचाच आहे, पण हा बुधवार नाही," असे ते म्हणाले. (सयानी म्हणजे गीतमालेचे निवेदक.) पायदाने वहीशी जुळत नाहीत, आणि इंटरनेटवरच्या वर्षवार याद्याही जुळत नाहीत. अण्णांचे लिहिताना चुकले असेल, असे मला वाटत नाही. मग हा काय प्रकार आहे, आणि त्या काळचे मूळ भाग पुन्हा ऐकायला मिळण्याची काही वाट आहे का?

लघुलहरी

आपल्या वडिलांचा कान पक्का आहे, हे आधी सांगतो. आपण आणलेली वस्तू बहुधा 'गीतमाला की छाँव में' या मालिकेची नक्कल असावी. ती मालिका सयानी यांनी पुढे कितीतरी वर्षांनी नव्याने निवेदन करून सारेगामा या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी तयार केली. तिच्यात ते सरलेल्या वर्षांकडे मागे वळून पाहतात, आठवणी सांगतात आणि गाण्यांचे तुकडे ऐकवतात. ऐकायला ती फार गोड आहे, पण ते पुनःप्रसारण नव्हे. पुनःप्रसारणात निवेदकाला पुढच्या बुधवारी काय होणार हे ठाऊक नसते. या मालिकेत त्यांना सगळेच ठाऊक आहे, आणि ते आवाजात लपत नाही.

यादीचा घोळ वेगळा आहे. इंटरनेटवर फिरतात त्या बहुतेक याद्या वार्षिक कार्यक्रमाच्या आहेत, म्हणजे वर्षभराचा हिशेब लावून डिसेंबरअखेर सांगितलेल्या. १९७४ च्या वार्षिक यादीत 'मेरा जीवन कोरा कागज' अव्वल ठरले, याचा अर्थ त्या वर्षीच्या प्रत्येक बुधवारी तेच शिखरावर होते असा होत नाही. तीन आठवडे उसळी मारून खाली आलेले गाणे वार्षिक यादीत कुठेतरी तळाला जाते किंवा दिसतच नाही, उलट महिनोन्महिने मधल्या पायदानांवर ठाण मांडून बसलेले गाणे वर जाते. तेव्हा आपल्या वहीची तुलना वार्षिक यादीशी करणे म्हणजे बाजार समितीतल्या रोजच्या भावाची पट्टी वर्षाच्या सरासरीशी ताडून पाहण्यासारखे आहे.

क्रमवारीचा उगमही जरा पाहिला पाहिजे. ३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारीच, रेडिओ सिलोनवर हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा तो अर्ध्या तासाचा होता आणि त्यात पायदाने नव्हती. सात गाणी कशाही क्रमाने लावायची आणि श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा, अशी ती स्पर्धा होती, आणि तिला शंभर रुपयांचे बक्षीस होते. पत्रांचा इतका पूर आला की पुढे स्पर्धा मोडून तबकड्यांचा खप आणि श्रोता संघांची मते यांवर क्रमवारी ठरू लागली, आणि १९५३ पासून वार्षिक यादी सुरू झाली. त्याच सुमारास माहिती मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली होती, आणि कोलंबोहून ती आपल्याकडे स्वच्छ ऐकू येत होती. विविध भारती आली ती ३ ऑक्टोबर १९५७ ला. तोवर बुधवारची रात्री आठची वेळ सिलोनने पक्की करून टाकली होती.

आता मूळ भागांविषयी. फीत मुंबईत मुद्रित व्हायची आणि विमानाने कोलंबोला जायची. एकाच केंद्रावरून एकदाच वाजायचे असल्याने गावोगाव प्रती पाठवण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून आज हाताशी येतात ते सुटे भाग मुख्यतः कोणा श्रोत्याने घरी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून घेतलेले असतात, आणि घरोघर कॅसेट आली ती आपल्या वहीच्या काळानंतर. त्यामुळे १९८० च्या पुढेमागचे भाग त्यातल्या त्यात सापडतात, १९७२ चे फारच विरळा. भाग ओळखण्याची खूण अशी की निवेदनात 'सिबाका' (कार्यक्रमाच्या नावात 'बिनाका'च्या जागी पुढे आलेला शब्द) ऐकू आले तर तो आपल्या वहीच्या नंतरचा समजावा, आणि विविध भारतीचा उल्लेख आला तर १९८९ किंवा त्यानंतरचा.

एक विनंती आहे. वहीच्या पानांची छायाचित्रे काढून ठेवा. वार्षिक याद्या सगळीकडे आहेत, आठवड्यांच्या नाहीत. त्रेचाळीस ओळी रिकाम्या असतील, पण भरलेल्या किती आहेत ते पाहा.

फीतवाला

वरचा प्रतिसाद वाचून अमेरिकेतली गोष्ट आठवली, कारण तिथे नेमके उलटे घडले. केसी केसम यांचा 'अमेरिकन टॉप ४०' हा कार्यक्रम ४ जुलै १९७० च्या सप्ताहाअखेरीस सुरू झाला. तो एका केंद्रावरून नव्हे, तर निरनिराळ्या गावांतल्या केंद्रांवरून आपापल्या सोयीच्या वेळी लागायचा. त्यासाठी दर आठवड्याला आख्खा कार्यक्रम, निवेदनासकट, मोठ्या तबकड्यांवर छापून केंद्रांना टपालाने जायचा. वाजवून झालेल्या तबकड्या कुठल्या ना कुठल्या कपाटात पडून राहिल्या, आणि म्हणून आज ते कार्यक्रम सलग ऐकता येतात. मी संभाजीनगरला रात्रपाळी करतो आणि इंटरनेटवरून ते ऐकतो. तिथली केंद्रे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जुन्या एखाद्या वर्षाचा मार्चचाच दुसरा आठवडा लावतात. हवामान, सण, सुट्ट्या यांचे निवेदनातले उल्लेख त्यामुळे बरोबर लागतात.

मला त्यात सर्वांत मोलाची वाटतात ती तिसाव्या-पस्तिसाव्या क्रमांकाची गाणी, जी पुढे कोणीही कुठल्या संग्रहात घेतली नाहीत. वरची पाच गाणी लग्नाच्या बँडलाही येतात. त्यांच्यासाठी जुना कार्यक्रम ऐकण्याची गरज नाही. गीतमालेचे जे भाग इंटरनेटवर सापडले त्यांतल्या काहींमधून हक्कांच्या भीतीने गाणी छाटून फक्त निवेदन ठेवलेले आढळले. हुरड्याला बोलावून नुसती राखेची आगटी दाखवावी, तसे ते वाटते.

बालाघाट

मी जरा वेगळे मत मांडते. मूळ, अस्सल, छाटलेले, न छाटलेले हा काथ्याकूट आपल्या पिढीचा आहे. माझ्या आईला कारवाँ, म्हणजे जुनी गाणी आधीच भरलेला सारेगामाचा संच, आणून दिला, त्यात सयानी यांची गीतमाला आहे, आणि ती भाकरी थापताना रोज ऐकते. खरखर नाही, लहर जात नाही, सेल आणायचे नाहीत. तिला आठवड्याचा क्रम जुळवायचा नाही, तिला तो आवाज हवा आहे.

त्या आवाजाविषयी मात्र एक सांगावेसे वाटते. माझे आजोबा निजामाच्या राज्यात, बीडला, उर्दू माध्यमातून शिकले. १९४८ नंतर शाळा मराठी झाल्या, तरी घरात हिशेबाचे आणि कचेरीचे शब्द उर्दूच राहिले. 'पायदान', 'सरताज' हे शब्द पुण्याकडच्या माझ्या सासूबाईंना समजावून सांगावे लागले, आमच्याकडे कोणाला सांगावे लागले नाहीत. सयानी यांची ती सोपी हिंदुस्तानी घरातच घडली होती. त्यांच्या आई कुलसुम सयानी गांधीजींच्या सांगण्यावरून नवसाक्षरांसाठी 'रहबर' हे पाक्षिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत काढत, आणि मुलगा त्यात हातभार लावत असे. "बहनो और भाइयो" म्हणताना बहिणींना आधी हाक मारणारा तो माणूस आमच्या आजीलाही आपला वाटत असे, आणि आजीला तर लिहिता-वाचताही येत नव्हते.

लघुलहरी

ताई, आपल्या आईंच्या ऐकण्याला माझा आक्षेप असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो त्या मालिकेला 'अस्सल' अशी चिठ्ठी लावून विकण्याला. मूळ प्रश्न ज्यांच्यासाठी आहे त्या गृहस्थांना क्रमच जुळवायचा आहे, आणि त्यांना रोज वाजणारा संच पुरणार नाही. खरखरीबद्दलही थोडे सांगतो. लघुलहरी आकाशातल्या आयनांच्या थरावर आदळून परत खाली येतात, आणि तो थर सूर्यास्तानंतर बदलत जातो, म्हणून आवाज लाटेसारखा वर-खाली होत असे. आम्ही २५ मीटरवर ऐकू येईना की ४१ मीटरवर जात असू, आणि तोवर एखादे पायदान निसटून जाई. वहीतले 'आवाज गेला' हे त्या रात्रीच्या आकाशाचीच नोंद आहे. ती खोडून वर गाण्याचे नाव लिहू नका. लिहायचेच झाले तर शेजारी पेन्सिलीने लिहा.

दुधनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. लघुलहरी काकांचा पहिला प्रतिसाद मी अण्णांना दोनदा वाचून दाखवला. वार्षिक आणि साप्ताहिक यादीतला फरक ऐकल्यावर "मग मी काय वेगळे सांगत होतो?" एवढेच ते म्हणाले. २० फेब्रुवारी २०२४ ला सयानी गेले, त्या रात्रीही ते असेच मोजके बोलले होते.

फीतवाला यांनी सांगितलेली आठवड्याला आठवडा जुळवण्याची रीत आम्ही उचलली आहे. मूळ भाग मिळेपर्यंत थांबायचे नाही, असे ठरले. दर बुधवारी रात्री आठला त्याच आठवड्याचे वहीतले पान उघडायचे, गाणी मी मोबाइलवर एकेक शोधून लावायची, खालच्या पायदानापासून वर, आणि निवेदन अण्णांनी करायचे. पहिल्या बुधवारी त्यांना संकोच वाटला, दुसऱ्या बुधवारी शेजारचे दोन म्हातारे आपापली बाजेची जागा धरून बसले. तळातली काही गाणी सापडतच नाहीत, तेव्हा अण्णा मुखडा स्वतः गुणगुणतात आणि पुढच्या पायदानावर जातात.

'आवाज गेला' असे लिहिलेली ओळ आली की मी गाणे लावत नाही, साधारण तीन मिनिटे तशीच जाऊ देतो. परवा अशाच एका रिकाम्या ओळीवर शेजारच्या काकांनी एक गाणे सांगितले, त्या रात्री त्यांच्या रेडिओवर ऐकू आले होते म्हणे. अण्णांना ते पटलेले नाही. वाद अजून चालू आहे, आणि ओळीशेजारी पेन्सिलीने तूर्त प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.