शब्दचर्चा: पॅरामीटर, आर्ग्युमेंट की प्राचल?

वेंगुर्ल्याहून विचारणा
तारकर्लीतल्या घरगुती निवासांचं बुकिंग घेणाऱ्या साइटची तांत्रिक पुस्तिका मराठीत लिहायची आहे. पत्ता असा: /निवास/४२?पाहुणे=३. यातला ४२ पॅरामीटर, ३ पण पॅरामीटर, आणि कंट्रोलरमधल्या अ‍ॅक्शनच्या (विनंती हाताळणाऱ्या फंक्शनच्या) कंसात लिहितात तोही पॅरामीटरच. सगळीकडे 'प्राचल' हा मराठी प्रतिशब्द घालावा का?

रत्नागिरी
नको. प्राचल संख्याशास्त्रात रुळलाय, वेबच्या कामात कुणी बोलत नाही. पॅरामीटरच ठेवा, पण तो कुठून आला ते आधी लावा: ४२ हा रूट-पॅरामीटर (पत्त्याच्या मार्गातला), ३ हा क्वेरी-पॅरामीटर ('?' नंतरचा), पोस्ट होऊन आलेला फॉर्म-पॅरामीटर. हा भेद नुसता शब्दांचा नाही. वेब-फ्रेमवर्कं (साइट बांधायचे तयार सांगाडे) तो वेगवेगळा पाळतात. रेल्स तिन्ही एकाच 'पॅराम्स'मध्ये ओततं. नाव सारखं निघालं तर रूटमधलं टिकतं. एक्सप्रेसमध्ये पॅराम्स, क्वेरी, बॉडी असे तीन कप्पे वेगळे. एएसपी डॉट नेट कोअरच्या एमव्हीसीत साध्या टाइपसाठी (आकडा, मजकूर असे) आधी फॉर्म बघितला जातो, मग रूट, मग क्वेरी.

चिपळूण
आणि 'आर्ग्युमेंट' कंसातल्या नावाला लावू नका. कंसात असतो तो अ‍ॅक्शनचा पॅरामीटर; प्रत्यक्ष चालताना त्यात पडते ती व्हॅल्यू म्हणजे आर्ग्युमेंट. दोन्हींची गाठ फ्रेमवर्क घालतं, त्याला 'बाइंडिंग' म्हणा. बहुतेक ठिकाणी ही गाठ नावावरून पडते. लारावेलमध्ये मात्र रूटमधल्या क्रमावरून. रूटमध्ये तालुका आधी, निवास नंतर, आणि फंक्शनमध्ये उलटं लिहिलंत, तर दोन्ही स्ट्रिंग (नुसता मजकूर) असल्यास निवासाच्या जागी 'मालवण' येऊन बसतं आणि एरर एकही नाही. पुस्तिकेत हे ठळक टाका.

मालवण
वर 'व्हॅल्यू' लिहिलंय तेच ठेवा. बुकिंगच्या साइटवर 'किंमत' म्हटलं की वाचक खोलीचं भाडं समजणार.

पत्त्यातून येणारी व्हॅल्यू मुळात स्ट्रिंग असते, हेही लिहा. मराठी कीबोर्डवरून पाहुण्यांच्या साध्या मजकुराच्या चौकटीत '३' टाकला की मजा सुरू होते. मजकुराचा आकडा करताना पायथनचं इंट आणि जावाचं पार्सइंट देवनागरी आकडा बिनतक्रार घेतात. रुबीचं टू-आय ० देतं, म्हणजे शून्य पाहुण्यांचं बुकिंग. जावास्क्रिप्टचं नंबर 'नॅन' (संख्या नाही) देतं, सी-शार्पचं पार्स एरर फेकतं. जँगोत तर एकाच घरात दोन न्याय: फॉर्मचं इंटिजरफील्ड '३' घेतं, पण रूटमधला इंट कन्व्हर्टर फक्त इंग्रजी आकडे (0 ते 9) ओळखतो, म्हणून /निवास/४२ देवनागरीत टाकलं की थेट ४०४ (पान सापडत नाही). उपाय एकच, अ‍ॅक्शनपर्यंत पोचायच्या आधी आकडे बदलून घ्या.

देवगड
तारखेचंही तसंच. ०५/०६ इंग्रजी आकड्यांत क्वेरीतून आली तर एएसपी डॉट नेट कोअर तिला ६ मे समजतं, कारण रूट आणि क्वेरी वाचताना ते सर्व्हरची भाषा बघत नाही, महिना आधी धरतं. तीच तारीख फॉर्ममधून, भारतीय कल्चर (भाषा-तारखेची पद्धत) लावून आली तर ५ जून. हापूसच्या पेटीची मागणी असेल तर या दोन तारखांत हंगामच सरतो! १५/०६ मात्र क्वेरीत वाचलीच जात नाही; तपासणी नसेल तर अ‍ॅक्शनला वर्ष १ मधली १ जानेवारी मिळते. लिंकमध्ये वर्ष-महिना-दिवस हाच क्रम ठेवा.

फोन नंबरातलं '+' चिन्हही सांभाळा. क्वेरीत ते एन्कोड न करता गेलं तर पलीकडे रिकामी जागा म्हणून उतरतं.

रत्नागिरी
रेल्सवाल्यांसाठी एक भर: 'परमिट' न केलेला (नाव घेऊन परवानगी न दिलेला) पॅरामीटर सहसा गुपचूप गळतो, डेव्हलपमेंट करताना लॉगमध्ये तेवढी एक ओळ. फॉर्ममध्ये नवीन रकाना टाकला आणि डेटाबेसात काही उतरत नसेल तर आधी तिथे बघा.

वेंगुर्ले
लिंग कुठलं धरू? 'हा' की 'हे'?

चिपळूण
हा पॅरामीटर, अनेकवचनही पॅरामीटर. 'पॅरामीटर्स' नको, 'पॅरामीटरला', 'पॅरामीटरमध्ये' असे प्रत्यय सरळ लागतात.