सेंट लुईस नेमकं संगमावर का वसवलं नाही?

मांडवीकाठ (पणजी): अमेरिकेतल्या मिसिसिपी आणि मिसुरी या दोन नद्यांच्या व्यापारावर सेंट लुईस शहर उभं राहिलं. मग १७६४ साली वसाहत संगमावर न टाकता तीसेक किलोमीटर खाली का टाकली? घरं कशाची होती, जमीन कशी वाटली, हेही कुणी सांगेल का? नगररचनेच्या वर्गात पणजीशी तुलना मांडायची आहे.

चिरेबंदी (डिचोली): संगमापर्यंतची पाहणी झाली होती. फ्रेंच व्यापारी पियेर लाक्लेदने डिसेंबर १७६३ मध्ये आपला तरुण मदतनीस ऑग्युस्त शुतो याला घेऊन मिसिसिपीचा काठ पाहिला. संगमाची जमीन सखल, पुराची. खाली पश्चिम काठावर मात्र चुनखडकाची कडा आणि तिच्यामागे चढती, कोरडी जमीन होती. कड्याला मध्ये खिंडी असल्यामुळे माल धक्क्यावर उतरवता येत होता. तिथली झाडं खुणावून ते परतले आणि फेब्रुवारीत शुतो तीस माणसांसह झाडी तोडायला आला. तेव्हा तो जेमतेम चौदा वर्षांचा होता!

निवड किती अचूक होती ते शेजाऱ्यांकडे पाहिलं की कळतं. काठालगतच्या फोर्ट द शार्त्रची भिंत नदीने पोखरली आणि १७७२ मध्ये तो किल्ला सोडावा लागला. सेंट जेनेविएव्ह १७८५ च्या पुरात बुडालं, मग गाव उंचावर हलवलं. शिवाय १७६३ च्या तहाने पूर्व काठ इंग्रजांकडे गेला होता, त्यामुळे तिथली फ्रेंच कुटुंबं नदी ओलांडून इकडे आली. वस्ती भरली ती मुख्यतः त्यामुळे.

वासेपाटी (फोंडा): घरांबद्दल. तासलेले लाकडी खांब चरात एकाला एक जवळ उभे पुरायचे, मधल्या फटीत चिखल-गवताचा गारा भरायचा, वरून चुना. ही भिंत कुजते ती जमिनीच्या पातळीलाच, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. म्हणून ऐपतदार लोक दगडी जोत्यावर आडवी तुळई टाकून तिच्यावर खांब उभारत. भोवती पडवी असे. ती फक्त बसायला नव्हती, गाऱ्यावरचं पावसाचं पाणी अडवायला होती. आपल्या मातीच्या भिंतींना लांब वळचण लागते, तेच कारण.

खाजनवाट (दिवाडी): शेतं गावाबाहेर, लांबट पट्ट्यांची. रुंदी एक आर्पां (जुनं फ्रेंच माप), म्हणजे सुमारे ५८ मीटर, आणि लांबी चाळीस आर्पां, सव्वादोन किलोमीटरहून जास्त. सगळ्या पट्ट्यांना मिळून एकच कुंपण. आपापल्या वाट्याचा तुकडा प्रत्येकाने दुरुस्त ठेवायचा. एकाने हयगय केली की गुरं सगळ्यांच्या पिकात शिरत.

वर्गात मांडताना गोव्यातल्या गावकारीशी (गावाच्या सामाईक जमिनीच्या जुन्या व्यवस्थेशी) सरसकट जोडू नका. गावकारीत जमीन गावाची असे आणि शेतं पावणीने, म्हणजे लिलावाने, दिली जात. इथे पट्टा ज्याचा त्याचा, सामाईक फक्त कुंपण आणि चराई. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा, बांध ही तुलना जास्त जवळची: एका ठिकाणी फुटला की खारं पाणी सगळ्यांच्या शेतात.

मांडवीकाठ (पणजी): आभारी आहे. पणजीत खाजणं बुजवून शहर वाढलं, १६३३-३४ चा रायबंदरचा लांब पूल तर दलदलीवरच बांधला. तिकडे उंच कडा मिळाल्यावर नदीचा त्रास संपला का?

चिरेबंदी (डिचोली): पुराचा कमी झाला, गाळाचा नाही. १८१७ पासून आगबोटी येऊ लागल्या आणि पुढे मुख्य प्रवाह पूर्वेकडे सरकून धक्क्यापुढे वाळूची बेटं वाढत गेली. १८३७ मध्ये लष्करी अभियंता रॉबर्ट ली तिथे आला. वरच्या बेटाच्या तोंडाशी बांध घालून प्रवाह शहराच्या बाजूला वळवायचा, असा त्याचा बेत. धक्क्यापुढची वाळू मग माणसांना उपसावी लागली नाही, पाण्याच्या जोरानेच वाहून गेली.