युद्धकाळात भाव बांधावेत, की तुटवडा बाजारावर सोपवावा?

मूळ मांडणी : उत्तरायण

युद्ध सुरू झाले की कारखाने, जहाजे, इंधन आणि मजूर लष्कराकडे वळतात. लोकांच्या हातात वाढीव कामाचा पैसा खेळू लागतो, पण दुकानात माल नसतो. अशा वेळी भाव मोकळे सोडले, तर तुटवड्याचा सगळा भार कमी मिळकतीच्या घरांवर पडतो. म्हणून जीवनावश्यक वस्तूंचे भाव बांधणे आणि त्यांचा शिधा ठरवणे ही दोन्ही कामे सरकारने एकत्रच हाती घ्यावीत, असे माझे ठाम मत आहे. नुसते भाव बांधले, तर ज्याचा वशिला त्यालाच माल मिळतो. नुसता शिधा ठरवला, तर तो विकत घेण्याची ऐपत अनेकांकडे उरत नाही. ब्रिटनने मार्च 1940 मध्ये मांसाचा शिधा वजनावर न ठेवता रकमेवर ठेवला. उंची तुकडा थोडा घ्यायचा की हलका जास्त घ्यायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे, अशी ती सोय होती. मांसाचे भाव बांधलेले नसते, तर त्या रकमेला काहीच अर्थ राहिला नसता.

प्रतिसाद : मुक्तछंद

हेतू चांगला असला तरी उपाय घातक आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीने 1914 च्या अखेरीस भाकरीच्या धान्याचे भाव बांधले, मांसाचे मात्र बराच काळ मोकळे ठेवले. धान्य विकण्यापेक्षा ते डुकरांना चारणे शेतकऱ्याला परवडू लागले, आणि जे धान्य वाचवायचे होते तेच गोठ्यात गेले. भाव हा केवळ ग्राहकावरचा बोजा नसतो. काय पिकवावे आणि काय जपून वापरावे, हे तोच सांगत असतो. लोकांच्या हाती पैसा जास्त झाला असेल, तर तो करातून काढून घ्यावा. मजुरीचा काही भाग युद्ध संपेपर्यंत राखून ठेवावा, ही ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्स यांची 1940 मधील सूचना मला कितीतरी अधिक प्रामाणिक वाटते.

प्रतिसाद : तागडी

जर्मनीच्या दाखल्यातून निष्पन्न होते ते इतकेच, की एक वस्तू बांधून तिच्या शेजारची मोकळी सोडू नये. अमेरिकेने नेमके हेच ओळखून एप्रिल 1942 मध्ये बहुतेक वस्तूंच्या भावांवर एकदमच मर्यादा घातली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये ती अधिक कडक केली. त्यानंतर युद्ध संपेपर्यंत तिथली महागाई फारच मंद राहिली. केन्स यांची सूचना ब्रिटनने काही प्रमाणात स्वीकारली, हे खरे. पण शिधापुस्तिका रद्द करून नव्हे, तर तिच्या जोडीला.

प्रतिसाद : मुक्तछंद

मंद राहिली ती नोंदलेली महागाई. भाव वाढवता येत नाही म्हणून कापड विरळ होते, स्वस्त प्रकार बनवणे बंद होते आणि ग्राहकाला नाइलाजाने महागडा प्रकार घ्यावा लागतो, ही महागाई कोणत्या निर्देशांकात धरली? जून 1946 अखेर अमेरिकेतील नियंत्रणाचा कायदा काही आठवडे संपला, नंतर तो दुबळ्या रूपात परत आला, आणि जून 1947 पर्यंतच्या वर्षभरात ग्राहक किमती सुमारे 17 टक्क्यांनी वाढल्या. दाबलेली वाफ कधीतरी बाहेर पडणारच.

उत्तर : उत्तरायण

दर्जाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, किंबहुना भावनियंत्रणाची सर्वांत कच्ची बाजू तीच. परंतु ब्रिटनने कपड्यांवर 1941 मध्ये कूपन लावल्यानंतर ‘युटिलिटी’ म्हणजे सरकारने ठरवलेल्या साध्या, टिकाऊ कपड्यांसाठी कापडाचे निकषही ठरवून दिले, म्हणजे भावाबरोबर दर्जाही बांधला. निवडीच्या स्वातंत्र्याबद्दल म्हणाल, तर डिसेंबर 1941 मध्ये डबाबंद पदार्थांसाठी आलेली गुणपद्धती पाहा. प्रत्येकाला चार आठवड्यांसाठी सारखेच गुण मिळत, आणि ज्या डब्याला मागणी जास्त तो घेण्यासाठी मोजावे लागणारे गुण अन्नखाते वाढवीत असे. भावाचे जे काम तुम्ही सांगता तेच इथे होत होते, फक्त श्रीमंताकडे गरिबापेक्षा जास्त गुण नव्हते. आणि 1946 ची वाढ कारखाने शांतताकाळातील उत्पादनाकडे वळत असताना झाली. तीच वाढ 1942 मध्ये झाली असती, तर ती कोणी सोसली असती?

प्रतिसाद : मुक्तछंद

गुणपद्धती मला पटते, कारण तिच्यात भाव हलता आहे. माझा विरोध न हलणाऱ्या भावाला आहे. पण युद्ध संपल्यावर ही यंत्रणा मोडायची कोणी आणि केव्हा, हे तुमच्या मांडणीत कुठेच येत नाही. युद्धात कधीही शिध्यावर नसलेली भाकरी ब्रिटनमध्ये जुलै 1946 मध्ये, म्हणजे शांततेत, शिध्यावर आली, आणि मांसावरचा शिधा उठायला 1954 उजाडले.